क्षाराचा दाह आणि आंबट कांजी

आम्ल व आम्लारी एकत्र आले की मीठ आणि पाणी तयार होते, ही मांडणी अलीकडची. तिच्यामागच्या क्रियेचा जाणता उपयोग मात्र सुश्रुतसंहितेत सापडतो. मोख्यासारख्या झाडांची राख पाण्यात कालवून गाळायची, त्यात लालबुंद तापवलेले शंख-शिंपले घालून आटवायचे आणि तयार क्षार, म्हणजे आम्लारी, लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायचा. शंख-शिंपल्यांच्या चुन्यामुळे राखेतला सौम्य क्षार दाहक होतो. तो रोगाच्या जागी लावल्यावर उठणारी आग शमवायला सुश्रुत आंबट द्रव्ये सांगतो. कांजीचा गाळ, तीळ आणि ज्येष्ठमध यांचा लेपही देतो. शंकाही ग्रंथातच आहे: आंबटही तीक्ष्ण आणि उष्ण, मग त्याने आगीसारखा क्षार निवेल कसा? उत्तर असे, की आम्लाच्या संयोगाने क्षार तीक्ष्णपणा सोडून मधुर होतो.

यात मीठ आणि पाणी तयार झाल्याचा उल्लेख नाही, हा आक्षेप रास्त आहे. उदासिनीकरणाचा सिद्धान्त सुश्रुताच्या पदरात घालू नये. पाणी कसे घडते ते रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियसच्या १८८७च्या आयन-सिद्धान्तानंतरच उलगडले. पण ‘ही नुसती वैद्यांची वहिवाट’ म्हणणेही चूक. वहिवाट कारण विचारत नाही. इथे शंका मांडून उत्तर शोधले आहे. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२मध्ये हिंदू रसायनाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या क्षारविधीला मानाचे स्थान दिले, ते योग्यच होते.