हळदीला उजेड सोसत नाही

हळदीचा डाग साबण लागला की तांबडा होतो आणि उन्हात टाकला की फिका पडत जातो. लग्नघरातल्या बायकांना हे पाठ असतं. त्यातला पिवळा पदार्थ १८१५ साली फोगेल आणि पेल्टिए यांनी वेगळा काढला. त्या कर्क्युमिनची रचना उलगडायला मात्र १९१० उजाडलं.

सांगलीच्या व्यापाऱ्यांना रचनेशी कर्तव्य नव्हतं. शेजारच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, हळकुंडं जमिनीखालच्या पेवांत साठवायची. तोंड लिंपलं की हवा कोंडते, कीड जगत नाही. अंधार मिळतो तो वरकड. उतरण्याआधी पेव बराच वेळ उघडं ठेवायचं, कंदील सोडून पाहायचा. विझला तर खाली जायचं नाही. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवं बुडाली, आणि माल शीतगृहांकडे वळला.

शिजवलेली हळद उन्हातच वाळवतात, मग रंग कसा टिकतो? ऊन सालीपाशी अडतं. पूड केली की तो आडोसा गेला. खिडकीतल्या काचेच्या बरणीतली हळद म्हणूनच निस्तेज होते.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. पेशीचं आवरण म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुपदरी पापुद्रा, तेव्हा ते नेमकं तिथे शिरतं. पापुद्रा त्याने पातळ होतो, हे २००८ मध्ये क्ष-किरणांनी मोजलं गेलं. इथवर उजेडाचा संबंध नाही. निळा प्रकाश पडला की मात्र रेणू तो शोषतो, शेजारच्या ऑक्सिजनला चेतवतो, आणि तो ऑक्सिजन स्निग्ध रेणूंच्या शेपट्यांवर तुटून पडतो. पदरांची रचना विस्कटते, पापुद्रा गळू लागतो. ऑस्लोच्या हान्ने ट्योनेसन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं होतं, की उजेड असेल तर अगदी थोडं कर्क्युमिनही जिवाणूंना मारक ठरतं.

म्हणजे पापुद्रा कधी आणि कुठे फोडायचा, हे दिव्याने ठरवता येतं. दातांचं फिलिंग कडक करायचा निळा दिवा घेऊन तोंडातल्या जंतूंवर असे प्रयोग झालेही आहेत. अडचण एकच, आणि ती लग्नघराच्या ओळखीची: ज्या उजेडाने कर्क्युमिन कामाला लागतं, त्यानेच ते विटतं. डागाच्या बाबतीत ही सोय. औषधाच्या बाबतीत डोकेदुखी.