हलक्या स्टिअरिंगची जुनी गोष्ट
१९६४ सालची पॉन्टिॲक जीटीओ ही अमेरिकेतली दांडगी मोटार. इंजिन ३२५ अश्वशक्तीचं. पण पॉवर स्टिअरिंगला जादा पैसे मोजावे लागत. ज्यांनी ते वाचवले, त्यांचे दंड गाडी उभी करताना भरून येत. तेलाच्या दाबावर चालणारं हे स्टिअरिंग फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्यानं १९२६ मध्येच चालवून दाखवलं होतं. खर्चापायी ते रखडलं आणि विक्रीच्या मोटारीत, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये, १९५१ साली आलं. आज जुन्या जीटीओला ते बसवलं, की अस्सलपणा गेला अशी ओरड होते. पण ही सोय त्या गाडीहून वयानं मोठी! मालकाचे हात थकले म्हणून गाडी झाकून ठेवण्यापेक्षा ती रस्त्यावर धावती ठेवणं, हेही इतिहासाचं जतनच.