आज रंग तुम्ही घोटायचा

अंगातला चांगला सदरा आधी बदला. जवसाचं तेल कापडात एकदा मुरलं की कितीही आपटून धुवा, पिवळा डाग राहतोच. हा जाडाभरडा एप्रन बांधा, बाह्या कोपराच्या वर चढवा आणि या अरुंद जिन्यानं वर चला. डोकं सांभाळा! तुम्ही ॲमस्टरडॅममध्ये आहात, चित्रकार रेम्ब्रांटच्या घरात, आणि 1650 नुकतंच उलटलंय. खालच्या चुलीतल्या पीटचा मातकट धूर आणि दारातून आत येणारा कालव्याचा कुबट वास दोन वळणांपर्यंत तुमच्या मागे येतात. मग गरम तेल, शिजलेल्या कातड्याचा सरस आणि ओल्या कॅनव्हासचा वास अंगावर येतो. आजपासून तुमच्या केसांनाही हाच वास लागणार आहे.

तुम्हाला इथं ठेवायचे वडिलांनी वर्षाला 100 गिल्डर मोजलेत. म्हणून आल्या आल्या कुणी ब्रश हातात देईल, असं समजू नका. खिडकीजवळचा तो गुळगुळीत दगडी पाटा तुमचा. आधी पांढरा घोटा.

ही पांढरी पूड म्हणजे शिशाचा सफेदा. शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगर घातलेल्या मडक्यांत ठेवायच्या, ती मडकी घोड्याच्या लिदीत पुरायची आणि काही आठवड्यांनी उकरायची. लिदीची ऊब आणि व्हिनेगरची वाफ मिळून शिशावर पांढरे पापुद्रे चढवतात. ते खरवडले की सफेदा मिळतो. तोंडाजवळ बोट नेऊ नका, हे विष आहे.

पुडीचा ढीग करा, मधोमध खळगा पाडा, त्यात तेल ओता. थोडंच. अजून थोडं ओतावंसं वाटेल, पण हात आवरा. सुरीनं कालवलंत की कोरडा, फुटणारा गोळा होईल आणि तेल कमी पडलं म्हणून तुम्ही घाबराल. घाबरू नका. आता दोन्ही हातांनी हा सपाट बुडाचा दगडी वरवंटा धरा आणि इंग्रजी आठचा आकडा काढत फिरवा. सुरुवातीला खरखर दातांत शिरते. "अरे, दाबतोस कशाला? फिरव नुसता," शेजारचा मोठा मुलगा ओरडतो. रंग कडेला पसरला की सुरीनं गोळा करून मध्ये आणायचा आणि पुन्हा फिरवायचा. खांदे भरून येतात, मानेवरून घाम पाठीत उतरतो, आणि मग तो आवाज बदलतो. खरखर जाऊन नुसती सळसळ उरते, वरवंटा पाट्याला चिकटून ओढ देऊ लागतो. सुरीच्या टोकावर रंग उचला. लोण्यासारखा उभा राहिला, ओघळला नाही, तर झाला. तेल न वाढवता तो मऊ झाला, तो तुमच्या खांद्यांमुळे.

हिंगूळ मात्र घोटावा तितका पेटतो, त्याला कंटाळून चालत नाही. हाडं जाळून केलेला काळा इतका बारीक की जोरात श्वास सोडलात तर नाकावर बसेल, आणि तेल पितो तेही भरमसाट. स्माल्ट नावाचा हा निळा म्हणजे कोबाल्ट घालून रंगवलेली काच, तिची पूड. उत्साहाच्या भरात ती बारीक केलीत की निळा फिकट, राखाडी पडतो. अंगठ्याखाली कण लागत असतानाच थांबायचं. हे पुस्तकात वाचून कळत नाही, तळहाताला कळतं.

घोटायचं तेही आज लागेल तेवढंच. रंगाच्या मऊ ट्यूबा यायला अजून दोन शतकं आहेत. त्या 1841 मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या चित्रकारानं काढल्या. उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवता येतो, पण ताज्याची सर त्याला नाही. म्हणून सकाळी पहिला प्रश्न हाच असतो, की मास्तर आज काय रंगवणार? चेहरा असेल तर पांढरा, पिवडी, गेरू, थोडा हिंगूळ, थोडा काळा. बस. माझी तर खात्री आहे, त्या चित्रांतला रंगांचा संयम पुष्कळसा या पाट्यावर ठरलेला आहे.

मास्तर आले! पॅलेट द्या आणि बाजूला सरका. खिडक्यांची खालची झडपं लावलेली आहेत, त्यामुळे उत्तरेचा उजेड वरून, एकाच बाजूनं पडतो. मास्तरांच्या हातात डुकराच्या राठ केसांचा जाड ब्रश. बारीक कामाचे ब्रश खारीच्या केसांचे, पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवलेले. मास्तर ब्रश पुसतात तो अंगातल्या कपड्यालाच. कधी ब्रश उलटा धरून दांड्याच्या टोकानं ओल्या रंगात केस ओरखडतात. आणि तुमचा पांढरा? तो ते थापतात! कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, कॉलरच्या चुणीवर तो एवढा उंच बसतो की खिडकीतला खराखुरा उजेड त्याच्या कडेवर अडकतो. आजच्या शास्त्रज्ञांना त्या जाड रंगात प्लम्बोनॅक्राइट हे दुर्मीळ संयुग सापडलं, आणि त्यावरून ते म्हणतात की रेम्ब्रांट तेलात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, मिसळत असावा. तुमच्या तेलात पडलेली पिवळसर पूड तीच असेल.

दुपारी गिऱ्हाईक येतं. रेशमी कपडे सळसळवत ते कॅनव्हासला नाक लावू पाहतं, आणि मास्तर त्याला मागे ओढतात. रंगाच्या वासानं त्रास होईल म्हणतात. खरं कारण तुम्हाला दिसतंच आहे. चार पावलं मागे गेल्याशिवाय त्या ढेकळांचा चेहरा होत नाही.

उजेड उतरला की आवराआवर. पांढरा वाया घालवू नका. बशीत काढून पाण्याखाली ठेवा, म्हणजे उद्यापर्यंत साय धरणार नाही. पाटा तेलानं पुसा, ब्रश साबणानं धुवा, नखं दुखेपर्यंत घासा.

पण चिमूटभर पांढरा आणि काळा मागे ठेवा. पोरं कोपऱ्यात खुसखुसत का बसलीत, ते कळलं नाही अजून? पोटावर पालथे पडा, खारीच्या केसांचा ब्रश घ्या आणि ईझलसमोरच्या जमिनीच्या फळीवर चांदीचं नाणं रंगवा. कडेला राखाडी, वर पांढऱ्याचा एकच टिपका, उजेड खिडकीच्या बाजूनं. खाली पडलेली सावली विसरू नका, सगळा खेळ तिच्यावर आहे. जिन्यावर पावलं वाजतायत. मागे व्हा, तोंड गप्प. मास्तर आत येतात, थबकतात, आणि नाणं उचलायला वाकतात.