ट्विन वास्प (प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३०)

अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे, हवेने थंड होणारे चौदा सिलिंडरांचे रेडियल विमान-इंजिन. ते प्रथम १९३२ मध्ये चालवून पाहण्यात आले. नावातील आकडा सिलिंडरांची एकूण धारणा घनइंचांत सांगतो. ती सुमारे ३० लिटर भरते. १,७३,००० हून अधिक इंजिने बनली. एवढ्या संख्येने निघालेले दुसरे मोठे विमान-इंजिन क्वचितच सापडेल. भारतात ते मुख्यतः डाकोटा विमानांबरोबर आले आणि महाराष्ट्रात त्याची खरी कामगिरी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, रात्रीच्या टपालसेवेत दिसली.

रचना : क्रँकशाफ्टभोवती सात-सात सिलिंडरांची दोन वर्तुळे एकामागे एक बसवलेली असतात. मागच्या वर्तुळातील सिलिंडर पुढच्यांच्या फटींसमोर येतात, म्हणजे वारा त्यांनाही मिळतो. प्रत्येक वर्तुळातील संख्या विषमच हवी. चार धावांच्या चक्रात एकाआड एक सिलिंडर पेटतो आणि दोन फेऱ्यांत सातही जणांची पाळी समान अंतराने येते. सम संख्येत हा क्रम जुळत नाही. सिलिंडरांवर पातळ पंखपट्ट्या असतात व पत्र्याचे आडोसे वारा त्यांच्याकडे वळवतात. पाणी नाही, रेडिएटर नाही, गळणाऱ्या नळ्या नाहीत. दुरुस्तीची साधने तुटपुंजी असलेल्या धावपट्ट्यांवर हा साधेपणा फार मोलाचा ठरला. उड्डाणाच्या वेळी सुमारे १,२०० अश्वशक्ती मिळे.

या रचनेची एक खोडही होती. इंजिन उभे असताना तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साठते. तसेच सुरू केले तर पिस्टन त्या तेलावर आदळून जोडदांडा वाकतो. म्हणून बराच वेळ उभ्या असलेल्या विमानाचे प्रोपेलर आधी हातांनी फिरवून घेत. सुरू होताना निघणारा निळसर धूर याच तेलाचा.

भारतातील वापर : दुसऱ्या महायुद्धात वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात अमेरिकी विमानांची दुरुस्ती होई. युद्धानंतर शिल्लक राहिलेली लष्करी डाकोटा विमाने प्रवासी वाहतुकीसाठी बदलून देण्याचे कामही तिथेच झाले. टाटांच्या ‘एअर-इंडिया’सह देशातल्या बहुतेक कंपन्यांनी ती घेतली. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या ताफ्यातील ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती.

१९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून संध्याकाळनंतर निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत ती आपापल्या मुक्कामी पोचत. मोजकी प्रवासी मंडळीही त्यांतून जात. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजना आली. मुंबईत आज टाकलेले पत्र उद्या कलकत्त्यात, तेही साध्या टपालखर्चात, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला इतका थेट उपयोग क्वचितच झाला असेल. चारांपैकी एक विमान अडकले की इतर तिन्ही शहरांचे टपाल खोळंबे. म्हणून या सेवेत वेगापेक्षा इंजिनाचा भरवसा महत्त्वाचा होता. विदर्भाच्या उन्हाळ्यात रात्रीचे उड्डाण इंजिनालाही मानवणारे : थंड हवा दाट असते, ती सिलिंडर चांगले निववते आणि शक्तीही अधिक देते. पुढे या सेवेत आलेल्या चार इंजिनांच्या स्कायमास्टर विमानांत याच घराण्यातील आर-२००० इंजिन होते. त्याच्या सिलिंडरांचा व्यास पाव इंचाने वाढवलेला होता.

पुण्याशी संबंध निराळा. ब्रिटिश वायुदलाने कानपुरात टाकून दिलेली लिबरेटर बाँबफेकी विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी पुन्हा उडती केली. प्रत्येकात चार ट्विन वास्प. वायुदलाच्या सहाव्या स्क्वाड्रनने ती पुण्याहून सागरी टेहळणीसाठी वापरली. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा लष्करी सेवेत लिबरेटर उडवणारे भारतीय वायुदल जगात शेवटचे होते.

‘परशुराम’ हे भारतीय वायुदलाचे जतन केलेले डाकोटा २०१८ मध्ये ब्रिटनहून भारतात आले. ते जहाजाने आणले नाही. आपल्या दोन ट्विन वास्पच्या बळावर उडत आले.