नाण्याची पारख, पारख्याची छाप

भीमा आणि घोडनदीच्या काठच्या गावांत, शिरूर-दौंड पट्ट्यात, जुनी भिंत पाडताना किंवा शेत नांगरताना अधूनमधून तांब्याचे जाड, ओबडधोबड नाणे हाती येते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवराई. पहिल्यांदा विचारले जाते, खरी आहे का? मग, किती मिळतील? दोन्हींचे उत्तर मालक स्वतः देऊ शकत नाही. पारख करणारा कोणीतरी लागतो, आणि त्याच्या शब्दावर तिसऱ्याने विश्वास ठेवावा लागतो. आज हा शब्द प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, छापील लेबलावर मिळतो. अमेरिकेतल्या कंपन्या तो विकतात, आणि लेबलावर विशेष काही छापून हवे असेल तर त्याचे वेगळे पैसे घेतात. नाण्याबरोबर पारखही विकत घेण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

पेशवाईत गावात हे काम पोतदाराचे होते. पोतदार बहुधा गावचा सोनारच. १८१९ च्या आपल्या अहवालात माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टनने गावगाड्यातल्या कामगारांची माहिती दिली आहे. सरकारात भरायचा आणि आपसात द्यायचा पैसा पारखून देणे हे काम त्यात सोनाराकडे, म्हणजे पोतदाराकडे आहे. वसुलाचा रुपया पाटलाकडून पुढे जाण्याआधी त्याच्या हाताखालून जायचा. तो नाणे दगडावर आपटून आवाज ऐके, वजन करी, कडा पाही. सोने असेल तर कसोटीवर घासे. मोठ्या पेठांतले सराफ आणखी पुढे जात. पारखलेल्या रुपयावर ते आपला बारीक ठसा उमटवत: एखादे फूल, चांदणी, ठिपका. पुढच्या सराफाने तो ओळखला की त्याचा वेळ वाचे. असे चार-पाच ठसे बसलेले रुपये आजही सापडतात. एकेका ठशामागे एकेका पेढीची पत उभी असे.

या खटाटोपाचे कारण बाजारातल्या रुपयांची जत्रा. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, चिंचवडचा चिंचवडी, बागलकोटचा मल्हारशाही, शिवाय सुरती. पुण्याच्या टांकसाळीच्या रुपयावर हत्तीच्या अंकुशाची खूण असे म्हणून तो अंकुशी. मजकूर मात्र फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचे आणि टांकसाळीचे नाव मुहियाबाद पुणे. प्रत्येक रुपयाची चांदी थोडी वेगळी, म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना बट्टा. १८०२ च्या वसईच्या तहानंतर ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज घोडनदीकाठी शिरूरला छावणी करून राहिली, तेव्हा मुंबईच्या बाजूचा हिशेब सुरती रुपयात आणि पुणे प्रांताचा अंकुशीत होता. अशा छावणीच्या बाजारात सराफाशिवाय पान हलणे शक्य नव्हते.

न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर जो निबंध लिहिला, त्यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. पेशवे सरकार नाणी पाडण्याचे परवाने खासगी लोकांना देई, पण सोबत वजन आणि कस ठरवून देई आणि तो पाळण्याचा लेखी करार घेई. नाणे हलके निघाले तर दंड, कैद, मालमत्तेची जप्ती. अंकुशाची खूण टांकसाळवाल्याला जबाबदार धरत असे. चुकलास तर भर, हे त्या खुणेमागचे बोलणे होते. पुढे येणाऱ्या प्रत्येक लेबलाला हीच एक कसोटी लावावी असे माझे मत आहे: चुकीची भरपाई कोण करणार?

भरपाईचा प्रश्नच येत नाही अशी एक खूणही त्याच काळात होती, आणि आजच्या विशेष लेबलाची ती खरी पूर्वज. मुघल रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असे. चालू वर्षाचा रुपया तो सिक्का. त्याला पूर्ण किंमत. वर्ष उलटले की तोच रुपया जुना ठरे आणि सराफ त्यावर बट्टा कापी. चांदी तीच, वजन जवळपास तेच, फक्त तारीख मागे पडलेली. झीज होते हे कारण होतेच, पण पेटीत जपून ठेवलेल्या, न झिजलेल्या रुपयालाही बट्टा चुकत नसे. बंगालमध्ये हा जाच इतका वाढला की कंपनीने तारीखच गोठवली. १७९३ च्या कायद्याने शाह आलमच्या १९ व्या वर्षाचा रुपया प्रमाण ठरला, आणि पुढे कितीही वर्षे रुपये पडले तरी त्यांवर सन १९ च राहिला. तारखेवरून बट्टा घ्यायला सराफाला जागा उरली नाही.

पुण्यात पेशवाई बुडाल्यावरही कंपनीने काही वर्षे अंकुशी पाडणे चालू ठेवले, फसली सन घालून. मग १८३५ चा कायदा आला: साऱ्या कंपनी मुलखात एकच रुपया, १८० ग्रेन म्हणजे एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. पोतदाराचे काम त्या दिवसापासून आटत गेले. पण तारखेची धास्ती सरकारच्या मनातून गेली नव्हती. १८४० सनाचे रुपये १८६२ पर्यंत त्याच सनाने पडत राहिले. पुढे १८६२ चा सन १८७४ पर्यंत तसाच ठेवला. मुंबईच्या टांकसाळीला कोणता रुपया कोणत्या वर्षी पाडला हे स्वतःपुरते कळायला हवे होते, म्हणून तिने नक्षीत बारीक ठिपके टाकले. सराफाच्या नजरेत भरू नयेत इतके ते लहान. आज संग्राहक भिंग घेऊन हेच ठिपके मोजतात, ठिपक्यांच्या संख्येवरून भाव बदलतो, आणि परदेशी डबीच्या लेबलावरही ती संख्या छापलेली असते. नाण्याच्या वयावरून भाव ठरू नये म्हणून केलेली योजना अखेर वयावरून भाव ठरवण्याचेच साधन झाली. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हाच.

रुपया एकसारखा झाला, तसा शिरूर-भीमथडीतला संशय नाण्यावरून कागदावर सरकला. आजचा दौंड तालुका तेव्हाच्या भीमथडीत होता. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार पडला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात दंगा होऊन तो आसपासच्या तालुक्यांत पसरला. लोकांनी सर्वत्र कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. रोख्यावर काय लिहिले आहे हे ज्याने अंगठा दिला त्याला माहीत नसे. सरकारने १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात जो उपाय केला त्याचा एक भाग असा: शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला तरच ग्राह्य. इथेही मधला माणूस आला, जो दोघांपैकी कोणाचाही नाही आणि ज्याला जाब विचारता येतो.

नाण्यांच्या छंदाच्या बाजारात असा मधला माणूस फार उशिरा आला. अमेरिकेत १९४९ मध्ये विल्यम शेल्डनने जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० गुणांची पट्टी मांडली. त्याचा मूळ हेतू किमतीचा होता: ७० गुणांचे नाणे १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचे. किमतीचे ते गणित लवकरच मोडले, पट्टी राहिली, आणि पुढे सर्व नाण्यांना लागू झाली. अडचण अशी की गुण देणारा बहुधा विकणाराच असे. म्हणून १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. नाणे विकत न घेणारे, न विकणारे तज्ज्ञ ते तपासणार, गुण देणार, सीलबंद डबीत घालणार, आणि गुण चुकीचे निघाले तर भरपाई करणार. पेशव्यांच्या टांकसाळवाल्याने लिहून दिलेल्या कराराशी या हमीचे नाते मला स्पष्ट दिसते. हमी होती म्हणून न पाहिलेले नाणे दूरच्या गावातला माणूस विकत घेऊ लागला.

पण नव्या नाण्यांच्या बाबतीत एक कोंडी झाली. टांकसाळीतून आलेली चांदीची नवी नाणी यंत्रावर इतकी नेटकी पडतात की त्यांतली पुष्कळशी ६९ किंवा ७० गुणांचीच ठरतात. ७० म्हणजे पाचपट मोठे करणाऱ्या भिंगातूनही दोष न दिसणारे नाणे. सगळीच उत्तम असतील तर एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त का द्यावे? विशेष लेबले या जागेत शिरली. नाणे बाजारात आल्यापासून तीस दिवसांच्या आत कंपनीकडे पोचले तर ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीजेस’. पहिल्याच दिवशीचे असेल तर तसे. अमेरिकी टांकसाळीचे माजी मुख्य कोरकाम-कलावंत जॉन मर्कांती किंवा माजी संचालक एडमंड मॉय यांच्या सहीचे लेबल आणखी वेगळे. तपासणीच्या शुल्कावर याचे शुल्क निराळे, आणि विकताना लावलेली किंमत त्याहून वर.

‘फर्स्ट स्ट्राइक’ वाचून वाटते की साचा ताजा असताना पहिल्यांदा पडलेले हे नाणे. तसे नाही. अमेरिकी टांकसाळीने स्वतः स्पष्ट केले आहे की नाणी कोणत्या क्रमाने पडली याची नोंद ती ठेवत नाही. लेबल सांगते ते एवढेच की खोके लवकर पोचले. हा चालू सनाच्या सिक्क्याचाच भाव आहे. फरक एवढाच की तेव्हा तो शेतकऱ्याच्या वसुलातून कापला जाई, आता संग्राहक आपणहून देतो. आपल्या पैशाने आनंद घ्यायला कोणाची ना नसावी, पण हे पैसे नाण्यात गुंतवले असे समजणाऱ्याची मला काळजी वाटते. पुढचा घेणारा त्या लेबलाचे पैसे देईलच याची हमी कोणतीही कंपनी देत नाही. हमी गुणांची आणि अस्सलपणाची असते. विशेष लेबलाची नसते.

याच्या उलट, लेबलाने खरोखर पैसे वाचवल्याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ सनाचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे, म्हणून शेवटचा आकडा बदललेले रुपये बाजारात फिरतात. अशा नाण्यासाठी तपासणीचे शुल्क मला योग्य वाटते, कारण तिथे सारी किंमत एका आकड्याच्या खरेपणावर उभी आहे.

शिवराईला मात्र ही वाट बंद आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष आहे आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही, तपासून परत आणायलासुद्धा. आणि या परदेशी पारखीत आणखी एक तिढा आहे. सराफाच्या ज्या ठशांनी रुपयाची पत वाढली, तेच ठसे आज इजा म्हणून गणले जातात आणि नाण्याचे मोल कमी करतात. घोडनदीच्या बाजारात दहा हात फिरलेल्या रुपयाचा सारा इतिहास त्या ठशांत आहे. माझ्या संग्रहात मी ठसेवाला रुपया आधी घेईन.

शिवराईवरचे विशेष लेबल कागदाचेही नसते, तोंडी असते: ‘महाराजांच्या काळातली.’ हे दोन शब्द भाव कितीतरी वाढवतात, आणि बहुतेक वेळा ते खरे नसतात. शिवराई महाराजांनंतरही दीडशे वर्षे पडत राहिली. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या असलेली दुदांडी शिवराई उत्तर पेशवाईतली आणि त्यानंतरची. आपल्या भागात हाती येणारी पुष्कळशी नाणी या नंतरच्या काळातलीच असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा ग्रंथ १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. अक्षरांची वळणे आणि मजकुराचे भेद लावून पाहायला तो हाताशी हवा. मोबाइलवर जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ करणाऱ्या, त्यासाठी आधी शुल्क मागणाऱ्या जाहिरातींना तर उत्तरही देऊ नये. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून असे पैसे उकळले जातात, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे.

एक लेबल मात्र शिरूर-दौंडचा कोणीही शेतकरी फुकट तयार करू शकतो. नाणी सापडली की गाव, गट क्रमांक, किती खोलीवर, कोणत्या भांड्यात, एकूण किती, सोबत काय, कोणत्या तारखेला, हे लगेच लिहून ठेवावे. जमिनीतल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहेच. नाणी चिंचेने किंवा लिंबाने घासू नयेत, कारण वरचा पापुद्रा गेला की अक्षरेही जातात. आणि मडके फोडून वाटणी करू नये. बहुतेक शिवराई नाण्यांवर सन नाही. एका मडक्यात कोणत्या वळणाची शिवराई कोणत्या सनाच्या अंकुशी रुपयाबरोबर निघाली, यावरूनच तिचा काळ ठरवता येतो.