शाळा उघडली म्हणजे पोरगं शिकलं असं नव्हे

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्याच जिल्ह्याचा आहे आणि आपल्याच पोरांचा आहे.

दर 7 नोव्हेंबरला आपल्याकडे विद्यार्थी दिवस साजरा होतो. 1900 साली याच तारखेला छोटा भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत दाखल झाला. त्या दिवशी फोटोला हार पडतो, भाषणं होतात, आणि सगळे त्या दाखल्याबद्दल बोलतात. मला आज दाखल्याच्या नंतर काय झालं त्याबद्दल बोलायचंय.

साताऱ्यातल्या त्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट. ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तरी नळाला शिवायचं नाही. दुसऱ्या कुणी नळ सोडला तरच पाणी. म्हणजे रजिस्टरमध्ये नाव होतं, फी भरलेली होती, कायद्याने दार उघडं होतं. तरीही आत टिकणं हा त्या पोराचा एकट्याचा झगडा होता.

तो टिकला. घरात वडील अभ्यास घेणारे होते. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायची सवय लागली आणि तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. केळुसकर गुरुजी पेशाने शिक्षक आणि हाडाचे लेखक. पोराची वाचनाची भूक त्यांनी ओळखली, पुस्तकं दिली. मॅट्रिक झाल्यावर सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. मुल्लर यांनी पुस्तकं आणि कपडे दिले. 1913 साली हाच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात होता.

आता नीट बघा. या गोष्टीत बुद्धी बाबासाहेबांची, कष्ट त्यांचे. पण जोडीला चार गोष्टी होत्या: घरी अभ्यास घेणारं कुणीतरी, वाट दाखवणारा शिक्षक, हातात पुस्तक आणि महिन्याचा खर्च. यातलं बरंचसं नशिबाने जुळलं. ज्या पोराला बागेत केळुसकर भेटले नाहीत, त्याचं काय झालं? अशी किती पोरं चौथी-पाचवीत शाळा सोडून गुरांमागे गेली, याची नोंद कुठल्या विद्यार्थी दिनाला होत नाही.

माझ्या मते महाराष्ट्राच्या शिक्षणाचा खरा इतिहास हा शाळा किती उघडल्या याचा इतिहास नाहीच. जे नशिबाने एखाद्याला मिळतं ते सगळ्यांना मिळेल अशी सोय कुणी आणि कशी लावली, याचा तो इतिहास आहे.

सुरुवात जोतीरावांपासून करावी लागते. 1848 ला भिडे वाड्यात मुलींची शाळा, हे आपल्याला पाठ आहे. त्या शाळेला शिक्षिका हवी म्हणून आधी सावित्रीबाईंना तयार केलं, हेही माहीत आहे. पण 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं ते काढून वाचा. सरकारी निवेदन म्हणजे नुसत्या मागण्यांची यादी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो मास्तर या विषयावरचा सगळ्यात रोखठोक मजकूर आहे. प्राथमिक शाळेचा मास्तर प्रशिक्षित हवा. त्याला पगार चांगला हवा, 12 रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात 15 ते 20 रुपये द्या. तो शक्यतो शेतकरी समाजातला असावा, म्हणजे पोरांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाही. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन, लेखन आणि हिशोबाबरोबर शेतीची माहिती हवी, आरोग्याची माहिती हवी. हजेरी टिकावी म्हणून बक्षिसं आणि शिष्यवृत्त्या हव्यात.

1882 सालची ही मागणी आहे. आज आपण ज्याला गुणवत्ता वगैरे म्हणतो, ते सगळं यात आलं.

दुसरं पाऊल शाहू महाराजांचं. महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना 1 रुपया दंड ठेवला, हे भाषणात हमखास येतं. पण त्याच्या 16 वर्षं आधी, 1901 साली, महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं होतं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी रांगच लागली. आधी वसतिगृहं, मग सक्ती. खेड्यातलं पोरगं कोल्हापूरला शिकायला आलं तर रात्री झोपणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न महाराजांनी कायद्याच्या आधी सोडवला.

याच बोर्डिंगांमध्ये कुंभोजचा एक आडदांड मुलगा होता, भाऊराव पायगोंडा पाटील. जैन बोर्डिंगात राहायचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला म्हणून परत आल्यावर अंघोळ कर असं फर्मान निघालं. पठ्ठ्याने नाही म्हटलं आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. पुढे मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने आपल्या जिल्ह्यात जे केलं, त्याचा क्रम मी मुद्दाम सांगतो. त्या क्रमातच सगळं आहे.

1919: कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना.

1924: साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, छत्रपती शाहू बोर्डिंग.

1935: साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज.

1940: साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल.

1947: छत्रपती शिवाजी कॉलेज. 1954: कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज.

1955: पुन्हा शिक्षकांसाठी, मौलाना आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन.

दिसतंय का? आधी जेवण आणि निवारा. मग मास्तर. हायस्कुलाची इमारत त्यानंतर. आज कुणाला संस्था काढायची तर आधी इमारत, मग कमान, मग उद्घाटन, आणि मास्तर शेवटी, तोही तासिका तत्त्वावर. अण्णांचा क्रम बरोबर उलटा होता. या तयार मास्तरांच्या जिवावरच पुढे खेडोपाडी पाचशेच्या वर व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. गावाने जागा द्यायची, देवळाची ओवरी द्यायची, रयतने मास्तर द्यायचा.

बोर्डिंगातला दिवस कसा होता, हेही समजून घ्या. मुलं एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची, शेतात राबायची. 'कमवा आणि शिका' म्हणजे गरिबांच्या पोरांना कामाला जुंपणं, असं काही शहाणे म्हणतात. आपण दुसऱ्याच्या दयेवर शिकत नाही, ही भावना पोराच्या मनात राहावी म्हणून ते होतं. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1930 साली वहिनी गेल्या. बोर्डिंगच्या पोरांना आजारपणात उशाला बसणारी आई त्यांच्या रूपाने मिळाली होती. आता मेंटॉर हा शब्द आलाय, तेव्हा त्याला वहिनी म्हणायचे, गुरुजी म्हणायचे, अण्णा म्हणायचे.

अशा बोर्डिंगातून पी. जी. पाटलांसारखा गरीब घरचा मुलगा बॅरिस्टर झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. हजारो जण मास्तर, तलाठी, इंजिनिअर, डॉक्टर झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातला शिकलेला पहिला माणूस याच वाटेने आलाय. आजोबांना विचारा.

आता आजचं बोलू.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दार सगळ्यांना उघडलं. आपल्या राज्याच्या नियमात प्राथमिक शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक 3 किलोमीटरच्या आत असायला हवी. चांगलं झालं. पण 2023 पासून वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा चालू आहे. बाजू दोन्ही आहेत, मी नाकारत नाही. सात पोरांच्या शाळेत एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात, त्यातच माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशोब ठेवायचा, निवडणुकीचं काम करायचं. त्या पोरांना मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, खेळायला सवंगडी आणि ग्रंथालय मिळू शकतं.

पण मग पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाडीवरचं सहा वर्षांचं लेकरू पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथे जाणार कसं? गाडी मिळेल म्हणतात. गाडी बंद पडली, डिझेलचं बिल थकलं, की पहिली शाळा कुणाची सुटते? पोरीची. म्हणून माझं म्हणणं एवढंच की शाहू महाराजांचा आणि अण्णांचा क्रम पाळा. आधी जाण्याची, राहण्याची, जेवणाची सोय आणि पुरेसे पक्के शिक्षक. ते डोळ्यांना दिसू दे, वर्षभर चालू दे, मग जुन्या शाळेच्या कुलपाचं बोला.

आणि हे बोलायची जागा आपल्या हातात आहे. प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात बहुसंख्य पालकच असतात. बहुतेक ठिकाणी सह्या घरी येतात आणि बैठक कागदावर होते. या महिन्यात आपल्या शाळेच्या बैठकीला जा आणि तीन प्रश्न विचारा. मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्ष वर्गावर किती? पुस्तकांचं कपाट उघडं असतं की कुलूपबंद? वाचनात मागे पडलेल्या पोराला रोज अर्धा तास कोण घेऊन बसतं?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर गावातल्या निवृत्त गुरुजींना, बाईंना, कॉलेजच्या पोरांना गाठा. देवळाची ओवरी अजून आहे. संध्याकाळी सातला टीव्ही बंद करून दोन पोरं घेऊन बसायला कुठल्या जीआरची गरज नाही.

रयतचं बोधचिन्ह वड आहे. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचीच खोडं होतात आणि झाड पुढे सरकतं. आपण त्या वडाच्या सावलीत शिकलो. आता आपली पारंबी जमिनीला टेकलीय का, ते ज्याचं त्याने बघावं.