बसऱ्याचे मोती आणि दुबईची खाडी



मुंबईहून निघाल्यावर आमच्या दीर्घ सागरपर्यटनातील पहिला मोठा मुक्काम दुबईचा होता. पहाटे डेकवर येऊन उभे राहिलो, तो विरळ धुक्यातून सर्वांआधी बुर्ज खलिफाचा मनोरा दिसू लागला. २०१० साली खुला झालेला हा मनोरा ८२८ मीटर उंच आहे. शेजारचे एक सहप्रवासी म्हणाले, "तेलाचा पैसा, दुसरे काय!" आम्हीही मान डोलावली. परंतु दिवसभर ते शहर हिंडून संध्याकाळी बोटीवर परतलो, तेव्हा हे उत्तर आम्हांस अपुरे वाटू लागले होते. ते का, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

बोट लागली ती १९७२ साली सुरू झालेल्या पोर्ट रशीद बंदरात. सर्व मंडळी उंच इमारती आणि दुकाने पाहावयास गेली. आम्ही मात्र जुन्या खाडीची वाट धरली. एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा, आणि मधून माणसांची ने-आण करणाऱ्या लहान होड्या. पलीकडच्या धक्क्यावर लाकडी गलबते एकमेकांना खेटून उभी होती व त्यांवर टायर, कपाटे, तांदळाची पोती असा वाटेल तो माल चढत होता. दुबईचा इतिहास वाचावयाचा तर तो या धक्क्यापासून वाचला पाहिजे.

१८३३ साली अबू धाबीहून बनी यास जमातीची सुमारे आठशे माणसे येथे येऊन राहिली. मक्तूम घराण्याची सत्ता तेव्हापासूनची. गावाजवळ ना सुपीक जमीन, ना नदी. होती ती ही उथळ खाडी. विसाव्या शतकाच्या आरंभी समोरच्या इराणी किनाऱ्यावरील लिंगे या बंदरात सरकारने जकात वाढविली आणि व्यापारी त्रासून गेले. दुबईच्या शेखाने हे हेरले. त्याने आपल्या बंदरातील जकात उठविली आणि येणाऱ्या व्यापाऱ्यांना खाडीकाठी घरासाठी जागा दिल्या. बस्तक प्रांतातून आलेल्या या मंडळींची वस्ती म्हणजे बस्तकिया. वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारे त्यांच्या घरांवरचे चौकोनी मनोरे आजही उभे आहेत. त्याच सुमारास मुंबईशी दळणवळण ठेवणाऱ्या आगबोटी दुबईस नियमितपणे थांबू लागल्या. दुसऱ्याने घालविलेला व्यापारी आपण आदराने बोलवावा, हे या शहराचे पहिले भांडवल होय.

दुसरे भांडवल म्हणजे मोती. आपल्याकडे नथीत बसऱ्याचे मोती असणे हे घराण्याचे भूषण समजतात. वस्तुतः हे मोती बसरा गावात पिकत नसत. ते निघत इराणच्या आखातातून, बहरीनपासून दुबईपर्यंतच्या समुद्रातून. त्यांतील फार मोठा भाग मुंबईस येई. तेथे त्यांची प्रतवारी होई, त्यांना वेज पडे आणि मग ते युरोपात अथवा आपल्या पेठांतील सराफांकडे जात.

खाडीकाठच्या एका संग्रहालयात या धंद्याची हत्यारे मांडली आहेत. नाकाला लावावयाचा लहान चिमटा, पायाला बांधावयाचा दगड, गळ्यात अडकवावयाची जाळीची टोपली आणि एक दोर. उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे समुद्रावर काढीत. दगडाच्या ओझ्याने तळाशी जायचे, मिनिटभर श्वास कोंडून शिंपले वेचायचे आणि दोर हलविला की वरच्या सोबत्याने ओढून घ्यायचे. असे दिवसातून कित्येक वेळा. गलबताच्या प्रमुखास तेथे नाखुदा म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच. हंगामापूर्वी नाखुदा पाणबुड्यास उचल देई. हंगाम संपला की हिशोब होई, आणि बहुधा काही देणे शिल्लकच राही. बाप मेला तर ते मुलाच्या माथी येई. कित्येक पाणबुडे तर आफ्रिकेतून व बलुचिस्तानातून आणलेले गुलाम होते. आमच्या घरच्या नथीतील मोत्यांकडे आम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. त्यांमागे कोणाचा कोंडलेला श्वास आहे, हा प्रश्न त्या काचेच्या कपाटापुढे उभे राहीपर्यंत आमच्या मनात आला नव्हता.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने आणि जपानी संवर्धित मोत्यांनी हा धंदा बुडविला. त्यानंतरची वर्षे दुबईला फार कठीण गेली. तरीही खाडी होती आणि व्यापाराची सवय होती. मात्र खाडीत वाळू साचत चालली होती. मोठ्या बोटी दूर समुद्रात उभ्या राहत आणि माल पडावांतून आणावा लागे. १९५८ साली गादीवर आलेल्या शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज घेतले, व्यापाऱ्यांकडून रोख्यांवर पैसा उभा केला आणि १९६१ च्या सुमारास खाडीतील गाळ काढविला. निघालेल्या वाळूने भर घालून नवी जमीन केली व तीही विकली. आता सन लक्षात घ्यावे. दुबईच्या समुद्रात तेल सापडले १९६६ साली आणि त्याची पहिली निर्यात झाली १९६९ साली. म्हणजे बंदर आधी, तेल मागाहून! तेलाच्या पैशाने पुढे १९७९ चे जबेल अली बंदर झाले, हे खरे. परंतु पैसा बंदरातच घालावा ही बुद्धी तेलाने दिलेली नव्हती.

आपला रुपया या शहरात दीर्घकाळ चालत असे, हे आज पुष्कळांस ठाऊक नसते. सोन्याच्या चोरट्या व्यापारास आळा बसावा म्हणून १९५९ साली भारताने आखातासाठी निराळा रुपया छापला. त्याची किंमत आपल्याच रुपयाएवढी होती. जून १९६६ मध्ये आपण अवमूल्यन केले आणि दुबईने रुपया सोडला. १९७१ साली संयुक्त अरब अमिरातींचे राज्य स्थापन झाले आणि १९७३ साली दिरहम आला.

संध्याकाळी बंदराकडे परतताना एका अर्धवट इमारतीपाशी मजुरांची बस उभी होती. माणसे खाली मान घालून चढत होती. बोलण्यावरून कोणी बिहारचे, कोणी बंगालकडचे, कोणी नेपाळचे वाटले. अशा अनेकांनी परदेशी येण्यासाठी दलालास द्यावयाची रक्कम कर्जाने उभी केलेली असते आणि पहिली कित्येक महिन्यांची कमाई ती फेडण्यातच जाते. पाणबुड्याची उचल आणि हे कर्ज यांत आम्हांस फारसे अंतर दिसेना. त्या शेखांची दूरदृष्टी थोर खरी, व्यापाऱ्यांचे धाडसही थोर. इतिहासाने दोघांचीही नोंद घेतली आहे. दोराच्या खालच्या टोकाला असलेल्या माणसाचे नाव मात्र संग्रहालयातल्या त्या कपाटावर आम्हांस आढळले नाही.

रात्री बोट सुटली. मनोऱ्यावरचे दिवे बराच वेळ दिसत होते. खाडी मात्र तेव्हाच दिसेनाशी झाली. घरी परतल्यावर आम्ही ती नथ काढवून पुन्हा एकदा पाहिली. मोती तसेच पाणीदार आहेत. आपणही आपापल्या घरची नथ एकदा काढून पाहावी, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.